दहा यूचा रॅक मोडा, तीन पेट्या करा

पत्र

भाऊ, नमस्कार. आम्ही लाखांदूर तालुक्यातले. आमचा साऊंडचा धंदा बाबांनी उभा केला, आता मी आणि चुलतभाऊ सांभाळतो. भाऊबीजेपासून होळीपर्यंत मंडई म्हणजे गावच्या जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्रभर नाटकं, त्यानंतर लग्नं. आमचा रॅक, म्हणजे यंत्रं बसवायची पेटी, दहा यूचा आहे (यू हे रॅकमधल्या उंचीचं माप), गावच्या सुतारानं १८ एमएमच्या प्लायमध्ये बनवलेला. त्यात ट्रान्सफॉर्मरवाले दोन जुने अँप (अँप्लिफायर), बेस आणि वरचा आवाज वेगळा करणारा एक क्रॉसओव्हर, आवाजाचा पोत जुळवणारा एक इक्वलायझर आणि कॉर्डलेस माईकचे रिसीव्हर. धान मोजायच्या काट्यावर ठेवला तर ८६ किलो भरला. चौघं लागतात, आणि सीझनमध्ये पोरं भेटत नाही. मागच्या हिवाळ्यात बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, नेताना बाबांची कंबर धरली, अजून नीट झाली नाही. नागपूरचा दुकानदार मोल्डेड प्लास्टिकचा रॅक घ्या म्हणतो. सुतार म्हणतो, असाच सहा एमएममध्ये बनवून देतो. मित्र म्हणतो रॅक बॅग घे. तिघांपैकी कोणाचं ऐकू? अँप दोन्ही बदलायची सध्या ऐपत नाही, फार तर एक बदलू शकतो.

उत्तर

भाऊ, तिघंही पेटीबद्दल बोलून राहिले. तुमचं वजन एकट्या पेटीत नाही. हे ८६ किलो आधी फोडून बघू. ट्रान्सफॉर्मरवाला जुना अँप २० ते २५ किलोंचा असतो, दोन म्हणजे ४४ धरा. क्रॉसओव्हर, इक्वलायझर, रिसीव्हर आणि पॉवरची पट्टी मिळून आठेक किलो. उरले ३४ किलो. ही तुमची रिकामी पेटी, चाकांसकट.

सुताराचं ऐकून तोच दहा यू ६ एमएममध्ये बनवला आणि चाकं काढली, तर पेटी चौदा-पंधरा किलोंवर येईल. वीसेक किलो वाचले, चांगलं आहे. पण रॅक तरी ६६ किलोंचाच राहील. चार माणसांऐवजी तीन लागतील, आणि तीन माणसांनी चौकोनी पेटी धरणं चौघांपेक्षा अवघड. एका बाजूला दोघं, दुसऱ्या बाजूला एकटा, आणि त्या एकट्याच्या वाट्याला निम्मं वजन. म्हणून माझा पहिला सल्ला असा की पेटी कशाची, हा प्रश्न दोन दिवस बाजूला ठेवा. आधी रॅक मोडून त्याच्या तीन पेट्या कशा होतील ते ठरवा.

तुमच्या भागात वाट कशी असते, ते शहरातल्या दुकानदाराला दिसत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर हॉल आहे, फरशी आहे, लिफ्ट आहे. तुमचं नाटक धान कापलेल्या बांधीत. गाडी रस्त्याला उभी राहते आणि पुढचं अंतर धुऱ्यावरून. धुरा म्हणजे शेताचा बांध, एका माणसाच्या रुंदीचा. दोघांनी पेटी धरली की एकानं पुढं आणि एकानं मागं चालायचं. मागच्याला पेटीमुळे स्वतःचे पाय दिसत नाहीत. पुढच्याला मान वळवत किंवा उलटं चालावं लागतं. खाली उतरून बांधीतून गेलं तर धसकटं टोचतात आणि वाळलेल्या चिखलाच्या भेगांत पाय मुरगळतो. बाबांची कंबर अशाच ठिकाणी धरली, हे तुम्ही लिहिलंच आहे.

अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी नायोश नावाची सरकारी संस्था आहे. वजन उचलण्याबाबतचं तिचं १९९१ चं सुधारित सूत्र जगभर वापरतात. सगळं अनुकूल असेल, म्हणजे वजन अंगाला चिकटून, पकड चांगली, कमरेला पीळ नाही, तर मर्यादा २३ किलो. वजन अंगापासून लांब गेलं की ही मर्यादा घसरत जाते. घोट्यांपासून हातांचं आडवं अंतर सेंटीमीटरमध्ये मोजायचं आणि २५ ला त्या अंतरानं भागायचं. जो आकडा येईल त्यानं २३ ला गुणायचं. ५० सेंटीमीटर खोल पेटी पोटाशी धरली तरी तिचा मध्य घोट्यांपासून ४५ सेंटीमीटरवर जातो. २३ चे उरले जेमतेम १३. हा हिशेब जागेवर उचलण्याचा. धुऱ्यावरून चालत नेणं त्याहून कठीण.

म्हणून तुमच्यासाठी माप असं धरा: एका माणसाची पेटी १५ किलोंच्या आसपास, दोघांची तीस-बत्तीसच्या वर नको. आणि जमेल तितकी उथळ पेटी. कमी खोलीची पेटी मुळात हलकी असतेच, शिवाय ती अंगाला जवळ राहते, त्यामुळे तेवढंच वजन कमी भासतं. दुकानात सगळे किती यूचा ते विचारतात, खोली कोणी विचारत नाही. तुम्ही आधी खोली विचारा.

आता वाटणी. पहिली पेटी चार यूची, त्यात क्रॉसओव्हर, इक्वलायझर, रिसीव्हर आणि पॉवरची पट्टी. ही यंत्रं मागे फार लांब नसतात, केबलची जागा धरून पस्तीसेक सेंटीमीटर खोली पुरते. आठ किलोंचं सामान आणि ६ एमएम प्लायची आठेक किलोंची पेटी, म्हणजे सोळा. एकटा माणूस नेऊ शकतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या पेटीत एकेक अँप. तीन यूचा अँप २२ किलोंचा, पेटी नऊ-दहा किलोंची, मिळून बत्तीसच्या आत. हे दोघांचं काम.

अशा वाटणीचा आणखी एक फायदा आहे, आणि माझ्या मते तो वजनाइतकाच मोठा आहे. अँपची पेटी मिक्सरजवळ असायची गरजच नाही. ती स्टेजच्या बाजूला, स्पीकरच्या जवळ ठेवा, जिथपर्यंत गाडी जास्तीत जास्त जवळ येते. मिक्सरजवळ फक्त चार यूची हलकी पेटी न्या. दोन्हींच्या मधे एक्सएलआरची, म्हणजे तीन पिनांची, सिग्नल केबल जाईल. तिच्यातला बॅलन्स्ड सिग्नल, म्हणजे दोन तारांत उलट-सुलट जाऊन वाटेतला खरखराट मारणारा, लांब अंतर बिनतक्रार जातो. स्पीकरच्या तारेचं तसं नाही. अडीच चौरस एमएमची तांब्याची तार ३० मीटर नेली तर जाऊन-येऊन तिचा रोध ०.४ ओहमच्या पुढे जातो. समोर चार ओहमचा लोड असेल तर अँपच्या ताकदीचा जवळपास दहावा हिस्सा तारेतच जिरतो. अँप स्पीकरपाशी ठेवला की तार आखूड होते, तारेचं वजनही वाचतं आणि बेसही घट्ट येतो.

एक अँप बदलायची ऐपत आहे म्हणता, तर तो नक्की बदला. पेटीवर जास्त पैसे घालण्यापेक्षा तिथे घाला. क्लास डीचा, स्विचिंग सप्लायवाला दोन यूचा अँप पाच ते सात किलोंत येतो. तो इतका हलका कसा, असं बाबा विचारतील, म्हणून कारण सांगतो. जुन्या अँपचा ट्रान्सफॉर्मर आपल्या लाईनच्या ५० हर्ट्झवर चालतो, आणि एवढ्या कमी फ्रिक्वेन्सीला तेवढी ताकद पार करायला लोखंड आणि तांबं भरपूर लागतं. स्विचिंग सप्लाय आधी लाईनचा डीसी करतो, मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून नेतो. फ्रिक्वेन्सी वाढली की ट्रान्सफॉर्मरचा आकार घटतो. आणि क्लास डीचं आउटपुटही चालू-बंद पद्धतीचं असल्यानं तापतं कमी, म्हणजे ॲल्युमिनियमची जाड हीटसिंकही लागत नाही. वजन गेलं कुठं, याचं हे सरळ उत्तर आहे. माल हलका म्हणून खोटा, असं मानू नका.

पण घेताना दोन गोष्टी तपासा. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेले वॅट पाहू नका. तुमचा स्पीकर चार ओहमचा असेल तर चार ओहमवर, दोन्ही चॅनल चालू असताना सतत किती वॅट (आरएमएस) देतो, तो आकडा माहितीपत्रकात शोधा. आणि किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो ते विचारा. रात्री दोन वाजता जनरेटर डगमगला की काही हलके अँप स्वतःला वाचवायला बंद पडतात, आणि ऐन रंगात आलेला प्रवेश मुका होतो. व्होल्टेजची मर्यादा जितकी रुंद तितका तो अँप खेड्यात चांगला. बेसवर जुनाच अँप राहू द्या, टॉपवर, म्हणजे वरच्या आवाजाच्या स्पीकरवर, नवा लावा. जुना नादुरुस्त नाही तोवर तो टाकायचं कारण नाही. बदललेला दुसरा जुना अँप मात्र घरी ठेवून देऊ नका, विकून टाका. तो घरात राहिला तर कधी ना कधी पुन्हा गाडीत चढतो.

नवा अँप पेटीसकट बारा किलोंच्या आत येईल. म्हणजे तीनपैकी दोन पेट्या एकेका माणसाच्या, आणि दोघांची एकच.

आता पेटी कशाची. इथे तुमचे तिघं सल्लागार आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त एकच उत्तर तिन्ही पेट्यांना लागू होत नाही.

मोल्डेड प्लास्टिकचा रॅक, म्हणजे पॉलिथिलीनचा एकसंध साचा. पाणी लागलं तरी फुगत नाही, पडला तर चेपतो आणि पुन्हा सरळ होतो, कोपरे टोचत नाहीत. चार यूच्या हलक्या सामानाला हा उत्तम. २२ किलोंच्या अँपला मात्र मी तो सुचवणार नाही, निदान मागची रेल, म्हणजे यंत्र स्क्रूनं कसायची भोकांची पट्टी, नसेल तर नाहीच. स्वस्त मोल्डेड रॅकमध्ये पुढच्या बाजूलाच रेल असते. अँप चार स्क्रूवर, पुढच्या पट्टीच्या दोन टोकांवर म्हणजे कानांवर लटकतो. गाडी खड्ड्यातून गेली की मागचं सगळं वजन त्या कानांना पिळतं. आधी कान वाकतात, मग पुढची पट्टी, आणि अँप पेटीत तिरपा बसतो.

रॅक बॅग सगळ्यात हलकी, आणि खांद्यावर अडकवता येते म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात. धुऱ्यावरून चालताना मोकळे हात फार मोलाचे. एका हातात टॉर्च धरता येते. पण तिच्यावर दुसरं काही ठेवता येत नाही, आणि साऊंडच्या गाडीत पेटीवर पेटी चढल्याशिवाय राहत नाही. शिवाय सामान घरच्या कोठीत धानाच्या शेजारी राहतं. उंदीर प्लाय सहसा सोडतो, कापड आणि केबल सोडत नाही. तुमची चार यूची पेटी गाडीत पुढे, मांडीवर किंवा सीटवर जाणार असेल तर बॅग चालेल, मागे जाणार असेल तर नको.

प्लायबद्दल सविस्तर लिहितो, कारण शेवटी तुम्ही बहुतेक तिकडेच जाल आणि गावच्या सुताराला काम मिळालं तर मला आनंदच आहे. साधा प्लाय घनमीटरला साधारण ६५० ते ७०० किलो भरतो. म्हणजे चौरस मीटरला १८ एमएमचा बारा किलो, १२ एमएमचा आठ, ९ एमएमचा सहा आणि ६ एमएमचा चार किलो. तुमच्या दहा यूच्या पेटीला झाकणांसकट जवळपास दोन चौरस मीटर प्लाय लागला असणार. हिशेब करा, नुसत्या जाडीत किती किलो उगाच वाहिले. सुतार कपाट आणि दरवाजे बनवतो, तिथे १८ एमएम लागतो, म्हणून त्याचा हात तिकडे जातो. रॅकमध्ये ताकद कडांना आणि कोपऱ्यांना असते. कडांना ॲल्युमिनियमची पट्टी रिव्हेट करून घ्या, आठही कोपऱ्यांना स्टीलचे बॉल कॉर्नर लावा, मग मधला प्लाय पातळ असला तरी चालतो. हलक्या सामानाला ६ एमएम, जुन्या जड अँपला ९ एमएम. यापुढे जायची गरज नाही.

प्लायवर आयएस ३०३ या भारतीय मानकाचा शिक्का बघा आणि त्यातला बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणारा, दर्जा मागा. एमआर, म्हणजे नुसती दमट हवा सोसणाऱ्या, दर्जाचा प्लाय स्वस्त मिळतो, घरातल्या फर्निचरला ठीक असतो. तुमचा रॅक डिसेंबरच्या रात्री उघड्यावर राहतो, पहाटेपर्यंत झाकणावरून दव ओघळतं. एमआरच्या कडा दोन सीझनमध्ये फुगून पदर सुटतात. एमडीएफ तर कोणी फुकट दिला तरी घेऊ नका. तो प्लायपेक्षा जड आणि पाण्याला त्याहून कच्चा.

जुन्या अँपच्या पेटीत मागची रेल हवीच. किंवा अँप थेट तळावर टेकवा, खाली नमदा किंवा जाड रबर द्या, म्हणजे कानांवर फक्त अँप पुढे सरकू न देण्याचं काम राहील. स्क्रूला प्लास्टिकचे वॉशर घाला. गाडीच्या हादऱ्यांनी नुसते स्क्रू ढिले होतात आणि एक पडला की बाकीचे तीन त्याच आठवड्यात पडतात. हँडल स्प्रिंगवाले घ्या, पेटीत दाबून बसणारे. कुठे लावायचे ते सुताराला ठरवू देऊ नका. जुन्या अँपमध्ये ट्रान्सफॉर्मर एका बाजूला असू शकतो, त्यामुळे पेटीचा तोल मध्यावर येत नाही. अँप बसवून पेटी एका गोल दांड्यावर आडवी ठेवा, जिथे ती समतोल राहील तिथे खूण करा आणि हँडल त्या रेषेवर येऊ द्या. तोल चुकलेली वीस किलोंची पेटी सरळ धरलेल्या तीस किलोंपेक्षा कमरेला जास्त छळते.

दोघांच्या पेटीसाठी तुमच्या भागातलाच उपाय वापरा, बांबू. दोन्ही हँडलना दोरीचे फास घालून मधून जाड बांबू ओवा आणि दोघांच्या खांद्यावर घ्या. वजन खांद्यावर आल्यानं पाठ सरळ राहते, मागच्याला स्वतःचे पाय दिसतात आणि पुढच्याला सरळ चालता येतं. दोरी आखूड ठेवा, नाहीतर पेटी झुलते आणि धुऱ्यावर झोल जातो.

चाकं काढून टाका. चार इंची चार चाकं आणि त्यांच्या पट्ट्या मिळून साडेतीन-चार किलो होतात, आणि धसकटांत किंवा काळ्या मातीत ती फिरत नाहीत. लग्नाच्या हॉलसाठी हवेच्या टायरची दोन चाकी ट्रॉली वेगळी ठेवा. ती तिन्ही पेट्यांना आणि स्पीकरलाही कामाला येते.

हवा हा विषय वजनाच्या नादात विसरला जातो. हलकी आणि उथळ पेटी म्हणजे आत जागा कमी. अँप चालू असताना मागचं झाकण काढलेलंच हवं, अर्धवट टेकवलेलं नको. पंखा कोणत्या दिशेनं फेकतो ते उदबत्ती धरून बघा. काही अँप पुढून ओढून मागे सोडतात, काही उलट. जुना आणि नवा शेजारी ठेवलात तर एकाचा गरम वारा दुसऱ्याच्या तोंडात जाता कामा नये. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा लग्नाच्या मांडवात काळी पेटी उन्हात ठेवू नका. दुपारी नुसत्या उन्हानंच अँप निम्मा तापून बसतो. हिवाळ्यात तणसाचा बारीक भुसा उडतो, तो पंख्याच्या जाळीत अडकतो. जाळीला फोम असेल तर धुऊन वाळवून लावा. दवासाठी चार यूच्या पेटीवर प्लास्टिक टाकायचं असेल तर वरूनच, बाजूची भोकं उघडी ठेवून.

रॅक मोडल्याची किंमतही सांगायला हवी. आतापर्यंत आतली वायरिंग कायमची होती, एक पिन लावली की सगळं चालू. आता रोज तीन पेट्या जोडाव्या लागतील. घाईत चुका इथेच होतात. त्यासाठी पेट्यांच्या मधल्या केबल एकदाच मोजून बनवा, जोडीजोडीनं टेपनं बांधा आणि दोन्ही टोकांना एकाच रंगाची टेप लावा. पेटीच्या मागेही त्याच रंगाचा ठिपका. लाल लालला, पिवळा पिवळ्याला. चुलतभावाला अंधारातही जोडता आलं पाहिजे, इतकं सोपं करा. स्पीकरसाठी स्पीकॉन, म्हणजे फिरवून लॉक होणारा प्लग, तोच वापरा, उघडी तार पिळून लावू नका.

आणि आता जे लिहितो ते कृपा करून दोनदा वाचा. पेट्या वेगळ्या झाल्या की हम यायची शक्यता वाढते. अँप स्टेजजवळच्या बोर्डवर, मिक्सर दुसऱ्या बोर्डवर, दोन्हीच्या अर्थिंगमध्ये फरक, आणि स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज. यावर अनेक साऊंडवाले पिनमधली अर्थिंग तोडून टाकतात. हम जातो. त्याबरोबर तुमच्या कलाकाराचं संरक्षणही जातं. नाटकातला कलाकार अनवाणी, दवानं ओल्या जमिनीवर, हातात धातूचा माईक. जनरेटरचा किंवा लाईनचा फेज चुकून चेसिसला लागला तर अर्थिंग नसताना तो करंट त्याच्या अंगातून जमिनीत जाणार. हम घालवायचा सुरक्षित मार्ग आहे: सगळ्या पेट्यांना वीज एकाच बोर्डवरून द्या. मिक्सरकडे जाणारी पॉवरची केबल सिग्नलच्या केबलसोबत त्याच बोर्डवरून ओढा. तरी हम राहिला तर सिग्नलच्या मार्गात ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर लावा. चार यूच्या पेटीत त्याला जागा ठेवा, त्याचं वजन काही नाही. बोर्डवर ३० मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, बसवा. हे सामान वाढलं तरी चालेल. वजन वाचवायचं ते प्लायच्या जाडीत आणि चाकांत वाचवा, इथे नाही.

गाडीत चढवताना जुन्या अँपची पेटी सगळ्यात खाली आणि पुढे, केबिनच्या पाठीला लागून ठेवा. छोटा हत्ती असो की पिकअप, मागच्या टोकाला हादरे सगळ्यात जास्त बसतात. खाली जुनी गोधडी दुमडून टाका. रबरावर टांगलेल्या फ्रेमचे शॉकवाले रॅक बाजारात आहेत, चांगलेही आहेत, पण ते मोठे आणि जड असतात. तुमच्यासारख्याला दुहेरी गोधडी पुरते.

पुढे कधी पैसे जमले तर चार यूची पेटीही आणखी हलकी करता येईल. बेहरिंजरचा एक्सआर १८ सारखा छोटा डिजिटल मिक्सर सव्वातीन किलोंच्या आसपास आहे, रॅकमध्ये बसतो, आणि सोळा माईकची सोय, इक्वलायझर, कंप्रेसर, एक्को सगळं त्याच्या पोटात आहे. मात्र त्याला फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या, नाहीत, टॅब्लेटवर बोटानं चालवावा लागतो. रात्रभर नाटकात गाणं, संवाद, ऑर्गन, तबला यांच्यात क्षणाक्षणाला हात फिरवणाऱ्या माणसाला तो लगेच मानवत नाही. बाबांचा हात जुन्या मिक्सरवर बसलेला असेल तर आधी लग्नाच्या कामावर शिका, नाटकाला एकदम नेऊ नका.

बाबांबद्दल. त्यांना आता वजन उचलू देऊ नका, कमरेला पट्टा बांधूनसुद्धा नाही. पट्ट्यानं दुखापत टळते असं नायोशसुद्धा मानत नाही, उलट पट्टा बांधला की माणूस जास्त उचलायला जातो. दुखणं मांडीतून पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील तर हाडांच्या डॉक्टरला दाखवा, मालिशवाल्यावर थांबू नका. लघवी-संडासवरचा ताबा सुटल्यासारखा वाटला तर त्याच दिवशी दवाखाना. नाटकाला मात्र त्यांना घेऊन जा. कोणत्या प्रवेशाला कोणता माईक उघडायचा हे त्यांना जेवढं कळतं तेवढं तुम्हाला कळायला अजून वेळ आहे.

सुताराकडे जायच्या आधी मापं लिहून घ्या. एक यू म्हणजे ४४.४५ एमएम. अँपची पुढची पट्टी कानांसकट १९ इंच, म्हणजे ४८२.६ एमएम. आतून पेटी बरोबर १९ इंच केली तर अँप आत जातच नाही, दोन्ही बाजूंना दोन-तीन एमएम सोडावे लागतात. रेलच्या दोन भोकांच्या ओळींमधलं अंतर ४६५ एमएम. रेल विकत आणा, सुताराला लोखंडी अँगलला भोकं पाडू देऊ नका. रॅकची भोकं एकसारख्या अंतरावर नसतात. १५.९, १५.९ आणि मग १२.७ एमएम असा क्रम असतो, आणि तो हातानं पाडला की चौथा स्क्रू कधीच बसत नाही. प्लाय कापून झाला की रेल ठोकायच्या आधी अँप सोबत घेऊन त्याच्या दुकानात जा, बसवून बघा, मागे प्लग आणि स्पीकॉन लावून झाकण बंद होतं का बघा. प्लगसाठी मागे चार बोटं जागा सुटली नसेल तर तिथल्या तिथे त्याला सांगा.